मालकीचा आठवडा

९ जानेवारी

प्रिय स्तंभाधिपती,

तुझं पत्र पोचलं. दोन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. लग्न झाल्यापासून तू एवढं सलग काही लिहिल्याचं मला आठवत नाही. विजेच्या खांबांवर चढणाऱ्या माणसाला वाक्यरचनेचा इतका सोस आहे हे आधी कळलं असतं, तर मी फोनवर भांडण्यात एवढी वर्षं घालवली नसती. यापुढे पत्रातूनच बोलायचं हा तुझा नियम मला मान्य आहे. पत्रात निदान वाक्य पुरं करता येतं.

तर प्रस्ताव असा. तळ्याकाठी एक सुट्टीघर. घर आपलं नाही, पण त्यातला दर वर्षीचा एक आठवडा आपला. ठरलेला, नोंदलेला, पुढची पंचवीस वर्षं. ह्याला टाइमशेअर म्हणतात. तू लिहितोस, ‘तारीखच पक्की असली की कुणाला पळता येणार नाही. तू, मी आणि बिट्टी. त्या आठवड्यात कुणी कुणाची वाट बघायची नाही, सगळे तिथेच.’ आणि पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात: ‘तिथे जमलं, तर मी घराजवळ बदली मागून घेईन.’

बारीक अक्षर वाचलं. प्रुफं वाचून पोट भरणाऱ्या बाईपासून ते लपत नाही.

आता आपल्या घराचं सुट्टीशास्त्र बघ. हे सगळं तुला तोंडपाठ आहे, तरी लिहिते, कारण टाइमशेअरवाल्यासमोर हेच सांगावं लागणार आणि मी सराव करते आहे. तू लाइनमन: वारा सुटला, तारा तुटल्या, की तू निघालास. आपली कन्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला: तिच्या शिफ्टचा तक्ता रविवारी लागतो आणि सोमवारी बदलतो. आणि मी. परीक्षांचे पेपर छापणाऱ्या छापखान्यात पेपर कधी छापायचे हे छापणाऱ्यांनाही सांगत नाहीत. मोठे साहेब टेबलापाशी येतात, चष्मा पुसतात आणि विचारतात, “घरी सगळं ठीक ना?” आपण “हो” म्हणायचं, खणातली तयार बॅग उचलायची आणि मागच्या इमारतीत जायचं. फोन दारातच काढून घेतात. पेपर परीक्षा केंद्रांवर पोचेपर्यंत बाहेर येणं नाही. “नाही” म्हणायची मुभा असते, पण ती एकदाच. त्यानंतर तो प्रश्न पुन्हा कुणी विचारत नाही, निवृत्तीपर्यंत.

तुझा हात मोडला तेव्हा मी आत होते. आत मृत्यूची बातमी पोचवतात, मोडलेल्या हाताची नाही. मी बाहेर आले तोवर तुझं प्लास्टर मळलं होतं, त्यावर बिट्टीच्या मैत्रिणींच्या सह्या झाल्या होत्या आणि तू बोलायचं थांबला होतास. पुढे तू ते लांबचं उपकेंद्र मागून घेतलंस. हे मी उगाळत बसले नसते. पण ‘तू ऐनवेळी नाहीशी होतेस’ असं तू पुन्हा एकदा लिहिलं आहेस, म्हणून नोंद करून ठेवते: वादळात तू जातोस त्याला कर्तव्य म्हणतात, छापखान्यात मी जाते त्याला नाहीसं होणं म्हणतात.

जुन्या शास्त्रकारांनी नायिकांचे प्रकार केले आहेत. नवरा परगावी आणि बायको घरी झुरते, तिला प्रोषितभर्तृका म्हणतात. नवरा घरी आणि बायकोच कुलूपबंद, ह्यासाठी त्यांच्याकडे शब्द नाही. त्यांच्या काळी छापखाने नव्हते, एवढं समजून घेऊ.

शनिवारी जाऊन बघून येते. निर्णय सर्वस्वी माझ्यावर सोपवलास, हे औदार्य की युक्ती ते मागाहून ठरवू.

तुझी किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर आहे. बिट्टी धूळ पुसते तेव्हा तीही पुसते. मी सांगितलेलं नाही.

— पंडितीणबाई


२८ जानेवारी

प्रिय स्तंभाधिपती,

जाऊन आलो. बिट्टीला बरोबर नेली होती, रात्रपाळी करून आलेली. ती त्यांच्या कचेरीतल्या मऊ खुर्चीत बसली आणि पडद्यावरच्या पहिल्या पाच चित्रांतच तिचा डोळा लागला. विकणारा तरुण आहे, टायवर शिडाच्या होड्या आहेत. त्याचं नाव मला सांगितलं गेलं, पण टाय इतका बोलका होता की नाव राहिलंच नाही. आपण त्याला टायवाला म्हणू.

“ताई, तुमच्या सुट्ट्या साधारण कधी असतात?”

“असतात असं नाही. अधूनमधून होतात.”

“बरं. मिस्टरांच्या?”

“वाऱ्यावर.”

“अं?”

“वारा नसला की.”

“आणि तुमच्या?”

“ते मला सांगता येणार नाही.”

तो पुढे झुकला, आवाज खाली आणला. “ताई, पोलिसात आहात का?”

“तिच्याकडे बघून वाटतं का तसं?” बिट्टी डोळे न उघडता म्हणाली. “प्रुफं वाचते हो ती. काना-मात्रा पकडते, चोर नाही.”

मग त्याने समजावलं. एक असतो पक्का आठवडा: दर वर्षी तोच, सूर्य चुकेल पण तो चुकणार नाही. दुसरा फिरता आठवडा: आपल्या सोयीने निवडायचा, मात्र जवळजवळ वर्षभर आधी कळवून. नाही कळवलं तर उरलासुरला मिळतो, पावसाळ्यातला, तळ्याकडे पाठ असलेल्या खोलीतला.

“म्हणजे,” मी म्हटलं, “ज्यांना आपली सुट्टी कधी हे माहीत नाही, त्यांनी ती कधी हे वर्षभर आधी सांगायचं.”

“अगदी बरोबर!” तो इतका खूश झाला की मला त्याची दया आली. “ताई, तुम्हाला लगेच कळलं. काही लोकांना दोन-दोन तास समजावावं लागतं.”

“आणि जाताच आलं नाही तर?”

“आठवडा नातेवाइकांना द्यायचा!”

आपले नातेवाईक आपल्या आठवड्यात, आपल्या खोलीत, आपल्या चादरींवर. तुझ्या थोरल्या वहिनी तिथून परत येऊन त्या चादरींबद्दल आपल्याला काय सांगतील, हे डोळ्यांसमोर उभं राहिलं.

तेव्हा माझा अभिप्राय, निःपक्षपाती आणि लेखी: वेळापत्रक हातात असलेल्या माणसांसाठी ही सोय आहे. शाळामास्तरांनी घ्यावी, बँकवाल्यांनी घ्यावी. वाऱ्यावर, तक्त्यावर आणि चष्म्यावर जगणाऱ्या आपल्यासारख्या तिघांसाठी हे दर वर्षी ठरल्या तारखेला अपराधी वाटण्याचं यंत्र आहे. एवढं लिहून मी पत्र संपवणार होते.

पण बसथांब्यावर बिट्टी म्हणाली, “आई, हे आपल्याला अजिबात सोयीचं नाही. घेऊन टाक.”

“झोपेत आहेस का गं?”

“बाबांनी आजवर दुसरं काही मागितलंय?”

मी बस आली का ते बघत राहिले. बस बराच वेळ आली नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते एकदा राहून बघायला देतात. शेवटच्या दिवशी टायवाला स्वतः येतो, पटलं तर सह्या. सह्या दोघांच्या लागतात. “एकाच्या सहीवर कुटुंब चालत नाही ना, ताई,” म्हणाला. अननुभवी आहे बिचारा.

राहून बघू. रजा टाक.

— पंडितीणबाई


२४ फेब्रुवारी

प्रिय स्तंभाधिपती,

रजा मंजूर झाली हे वाचून बिट्टीने पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं आणि ‘मंजूर’ ह्या शब्दावर बोट ठेवून पुन्हा वाचलं. रुग्णाची नाडी बघते तशी.

तू विचारतोस, ‘पेपरांचा मोसम आहे. तुला बोलावलं तर?’ छापखान्याबद्दल घरी बोलायचं नाही हा माझा नियम तू जाणतोस. आजवर पाळला, आता कशाला मोडा. एवढंच सांगते: आज मोठे साहेब टेबलापाशी येऊन चष्मा पुसून गेले. आणि खणातली बॅग मी घरी आणली आहे, कपडे बदलायला हवेत.

मी येईन.

हा शब्द प्रूफ तपासून पाठवते आहे. त्यात चूक नाही.

— पं.


१४ मार्च, तळ्याकाठून

अहो स्तंभाधिपती,

तुझा निरोप स्वागतकक्षातल्या मुलीने एका चिठोऱ्यावर लिहून आणून दिला: ‘लाइन तुटली. निघता येत नाही. सॉरी.’ तिने त्याखाली स्वतःहून एक हसरा चेहरा काढला होता. बहुधा सगळ्याच निरोपांखाली काढत असावी.

खोली चांगली आहे. खोटं कशाला बोलू, फारच चांगली आहे. खिडकीला लागून लांब बाक, त्यावर तिघं बसू शकतात. आंघोळीच्या जागी तीन टॉवेल, घडी घालून त्यांची बदकं केलेली. बिट्टीने आल्याआल्या दोन उलगडली. तिसरं तिसऱ्या दिवसापर्यंत तसंच होतं. मग साफसफाईवाल्या बाई आत डोकावल्या आणि म्हणाल्या, “तिसरे यायचेत का अजून?” मी म्हटलं, “यायचेत.” चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, पाचव्या दिवशी ते बदक नेलं.

पायाने वल्हवायच्या होड्या आहेत. मी आणि बिट्टी एका होडीत बसलो. तिने ह्या आठवड्यासाठी कुणाकुणाच्या रात्रपाळ्या डोक्यावर घेतल्या आहेत ते मला तिथे कळलं. परत गेल्यावर ती महिनाभर दिवसाचा उजेड बघणार नाही. “तुला सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस,” म्हणाली. ह्या घरात सगळेच जण महत्त्वाची गोष्ट मागाहून सांगतात. तुलाही मला काही सांगायचं होतं का, मला कल्पना नाही. मला होतं. होडीत सांगायचं ठरवलं होतं, म्हणजे तुला मधूनच उठून जाता आलं नसतं.

साजशृंगार करून, खोली आवरून प्रियकराची वाट पाहते ती वासकसज्जा. संकेतस्थळी जाऊन बसते आणि तो येत नाही ती विप्रलब्धा. शास्त्रकारांनी ह्या दोन वेगळ्या नायिका मानल्या आहेत. मला एकाच खोलीत, एकाच साडीवर दोन्ही जमल्या.

पण रागावलेले नाही. वारा कुणाच्या हातात नसतो. इकडे तळं काचेसारखं होतं, तिकडे तुझ्याकडे सुटला असेल. खांबावर जपून चढ, तो हात अजून थंडीत दुखतो हे मला माहीत आहे.

आज टायवाला आला, हातात पेन घेऊन. “सर?”

“सर खांबावर आहेत.”

“अरेरे. पण जागा आवडली ना ताई?”

“जागेत काही कमी नाही.”

एप्रिलअखेरपर्यंत सवलत देतो म्हणाला. कोरा कागद ठेवून गेला आहे. मला वाटतं, मी सही करेन.

— पंडितीणबाई


३ एप्रिल

काल तुझा दाढीवाला सहकारी आला होता. सपत्नीक. इकडे कुणाकडे तरी आले होते, म्हणून मुद्दाम वाट वाकडी करून. हातात एक लाकडी मासा, शेपटापासून डोक्यापर्यंत किल्ल्या अडकवायच्या खुंट्या असलेला. मी चहा टाकला.

“वहिनी, दादांचे फार उपकार झाले बघा. मेहुणीचं लग्न, आणि माझी अख्खा आठवडा ड्यूटी. हिने तर अबोला धरला होता.”

“अबोला कुठे? बोलत होते की मी. तुमच्याशी सोडून,” त्याची बायको म्हणाली.

“दादा म्हणाले, तू जा, तुझी ड्यूटी मी करतो.”

मी बशीत बिस्किटं मांडत होते. ती मांडून झाली तरी मांडत राहिले. “कधीची गोष्ट?”

“मार्चचा दुसरा आठवडा ना.”

“वारा फार होता म्हणे तेव्हा तुमच्याकडे.”

“वारा? छे हो! पान हलत नव्हतं. दादांनी बसल्याबसल्या अख्खं स्टोअर लावलं. खांबांवरच्या चिनीमातीच्या वाट्यासुद्धा ओळीत! आता कुणाला काही सापडत नाही.”

“तुम्ही मागितली होती का बदली ड्यूटी?”

“मी कुठल्या तोंडाने मागणार? त्यांची स्वतःची रजा होती की. तेच फेब्रुवारीअखेर आपणहून म्हणाले. म्हणाले, माझं जाणं तसंही रद्दच होणार आहे, रजा वाया कशाला घालवू—”

इथे त्याच्या बायकोने त्याच्या पायावर पाय दिला. मला टेबलाखालचं दिसलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. ती बाई त्याच्यापेक्षा पुष्कळ हुशार आहे. चहा अर्धा ठेवून उठली, आणि दारात माझा हात धरला. तुझ्या खात्यातल्या पुरुषांच्या बायका बोलत नाहीत, हातच धरतात.

बिट्टी घरी होती. आतल्या खोलीत झोपली आहे असं मी समजत होते. ते गेल्यावर ती बाहेर आली, मासा उचलून बघितला आणि म्हणाली, “पान हलत नव्हतं.” आणि शिफ्टला गेली.

मला उत्तर पाठव. आणि वाक्यं पुरी कर.


२२ एप्रिल

तुझं उत्तर मिळालं. ह्या वेळी अर्धं पान, पण वाक्यं पुरी आहेत. त्यातली चार तुझी तुला परत वाचून दाखवते, म्हणजे प्रत बरोबर उतरली का ते कळेल:

‘साहेबांनी चष्मा पुसला असं तूच लिहिलंस. बॅगही भरायला घरी आणलीस. मी म्हटलं, झालं, ही आत चालली. त्या तळ्यावर बिट्टीसमोर बसून तुझी वाट बघायची माझ्यात ताकद नव्हती, एकदा हात गळ्यात बांधून बघितली आहे.’

खरं बोललास. ते मी मानते. आणि हेही खरं, की मी ‘येईन’ लिहिलं होतं आणि तू चष्मा वाचलास.

आता माझी बाजू ऐक. होडीत सांगायची होती ती, आता पत्रात सांगते. इथून तू हवं तेव्हा उठून जाऊ शकतोस.

त्या दिवशी साहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “घरी सगळं ठीक ना?” मी म्हटलं, “नाही.” त्यांचा हात चष्मा धरलेला तसाच हवेत राहिला. त्यांना वाटलं, कुणी गेलं. “कोण?” म्हणाले. मी म्हटलं, “कुणी नाही, सर. मार्चमध्ये मला सुट्टीवर जायचंय.” एवढी वर्षं ज्यांनी माझ्याकडून एक ओझरता ‘हो’ ऐकला, त्यांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. मग म्हणाले, “बाई, तुम्हाला माहीत आहे ना, पुन्हा विचारता येत नाही?” मी म्हटलं, “माहीत आहे.” म्हणून खण रिकामा केला. बॅग घरी आणली ती आत जायला भरायची म्हणून नव्हे. तिची तिथे आता गरज नव्हती. कपडे बदलायला हवेत असं लिहिलं, कारण आतल्या कपड्यांत तळ्यावर नेण्यासारखं काही नव्हतं.

मागच्या इमारतीतल्या माझ्या खुर्चीत आता एक नवी मुलगी बसते. हुशार आहे. जुन्या भाषांच्या पेपरात चुका सोडते, पण हुशार आहे. मला पुढच्या दालनात बसवलंय. काय वाचते, विचार. कॅलेंडरं. पुढच्या वर्षाची. लाल रंगातल्या सुट्ट्या बरोबर तारखेवर पडल्या आहेत की नाहीत, हे बघणं माझ्याकडे आहे. विनोद करायची माझी सवय तुला ठाऊक आहे, पण हा मी केलेला नाही, व्यवस्थापनाने केलाय.

त्या कामाचा मला अभिमान होता. तुला कधी सांगितलं नाही, कारण तुझ्या मोडलेल्या हातापुढे तो बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं. लाखो मुलं एका सकाळी एकाच वेळी कागद उलटतात आणि त्यात एक अक्षर चुकलेलं नसतं, ते माझ्यामुळे. ते मी तुझ्या बारीक अक्षरातल्या एका ओळीसाठी दिलं. कुणी मागितलं नव्हतं, हेही कबूल. पण तू निदान येऊन बघायचं होतंस.

तुला रिकामी खोली बघायची नव्हती, म्हणून ती आम्हाला दाखवलीस. मला नव्हे फक्त. माझं एक वेळ सोड, मला शास्त्राधार आहे. तिसरं बदक बिट्टीने बघितलं.

तू लिहितोस, ‘तरीही टाइमशेअर घेऊच. पुढच्या वर्षी नक्की.’ काल टायवाल्याचाही फोन आला. सवलत संपत आली आहे. “ताई, मागे तुम्ही म्हणाला होतात सुट्ट्यांचं नक्की नसतं. काही बदल?”

“बदल आहे. आता माझ्या सुट्ट्या वर्षभर आधी सांगता येतात. छापून देते हवं तर.”

“वा! मग तर हे तुमच्या फॅमिलीला अगदी फिट आहे!”

“सुट्टी नक्की झाली हो,” मी म्हटलं. “फॅमिलीचं काही सांगता येत नाही.”

तिकडे त्याने कागद चाळले. मग हळूच म्हणाला, “ताई, दोघींपुरती लहान खोली पण असते आमच्याकडे. तळं जरा बाजूने दिसतं.” चांगला मुलगा आहे. त्याला ह्या धंद्यात बरकत येणार नाही.

मी नको म्हटलं. कागद कोरा परत केला. आठवडा विकत घेता येतो, येणारा माणूस त्याच्याबरोबर मिळत नाही, हे त्यांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरातसुद्धा कुठे छापलेलं नाही. मी सगळं वाचलंय.

तुला यायचं असलं तर त्याला आठवडा लागत नाही आणि आगाऊ नोंदणीही लागत नाही. मी रोज संध्याकाळी सहाला घरी असते. शनिवारी, रविवारी आणि लाल तारखांना दिवसभर. इतकी निश्चित बायको तुला कधीच मिळाली नव्हती. उपभोग घ्यायला तू नाहीस, एवढंच.

दाराजवळचा खिळा काढून तिथे तो मासा लावला आहे. तुझी किल्ली त्यावर शोधू नकोस. बिट्टीने तिची हरवली, तुझी तिला दिली. तेव्हा आलास तर बेल वाजव.

ती विजेवर चालते. तेवढं तुझ्या खात्याने बघावं.